कॉन्स्टन्स वाइल्ड : एका विस्कटलेल्या दफ्तराचें परीक्षण

इ. स. १८९५ च्या एप्रिलची २४ तारीख जुन्या ग्रंथांच्या व हस्तलिखितांच्या संग्राहकांस चांगली परिचयाची आहे. त्या दिवशीं लंडनच्या चेल्सी भागांत टाइट स्ट्रीटवरील १६ नंबरच्या घरीं शेरीफाच्या हुकुमानें लिलांव पुकारला गेला, आणि नामांकित नाटककार ऑस्कर वाइल्ड याचीं पुस्तकें, चित्रें व घरांतील किडुकमिडुक असे २४६ गट एका दिवसांत विकले गेले. घरधनी त्या वेळीं कैदेंत होता. या विक्रींतील कोणती वस्तु कोणाच्या हातीं गेली याचा माग काढण्यांत ग्रंथसूचीकारांनीं पुष्कळ शाई खर्च केली आहे, व ती वायां गेली असें आम्ही म्हणत नाहीं. हार्पर पेनिंग्टन यानें काढलेली वाइल्डची पूर्णाकृति तसबीर लेव्हर्सन दांपत्यानें सोडविली आणि ती पुढें लॉस एंजेलिस येथील क्लार्क ग्रंथालयांत पोंचली, इतक्या बारकाईनें हा शोध झालेला आहे.

परंतु या लिलांवास सर्वत्र 'वाइल्डचा लिलांव' म्हणतात, आणि आमच्या मतें घोटाळ्यास येथूनच आरंभ होतो. तें घर एकट्या वाइल्डचें नव्हतें. विकलेल्या वस्तूंत मुलांचीं खेळणीं होतीं, आणि त्या दिवसाच्या गर्दींत व लुटालुटींत घरांतले कागदही फुटले. वाइल्डनें आपल्या पत्नीस लिहिलेलीं पत्रें आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच उरलीं आहेत. त्यांतलें सर्वांत मोलाचें पत्र एडिंबरोहून डिसेंबर १८८४ मध्यें, म्हणजे लग्नास सात महिने पुरे होण्यापूर्वीं, लिहिलेलें आहे. तें वाचल्यावर हा विवाह निव्वळ पैशासाठीं झाला असें म्हणणारास थोडें थांबावें लागतें. अशीं आणखी पत्रें हातीं असतीं तर पत्नीचें चरित्र निराळें लिहिलें गेलें असतें. नवऱ्याचे कागद फुटले तरी त्याचे ग्रंथ छापलेले होते. पत्नीजवळ तो आधार नव्हता.

ज्यांस हा वृत्तांत नवा असेल त्यांच्यासाठीं तो थोडक्यांत देतों. कॉन्स्टन्स मेरी लॉइड हिचा जन्म २ जानेवारी १८५८ चा. बाप होरेस लॉइड हा बॅरिस्टर. आईचें घराणें डब्लिनचें. २९ मे १८८४ रोजीं पॅडिंग्टनच्या सेंट जेम्स चर्चमध्यें तिचा वाइल्डशीं विवाह झाला. येतांना तिनें वर्षास २५० पौंडांचें उत्पन्न आणलें. सिरिल (१८८५) व व्हिव्हियन (१८८६) असे दोन मुलगे झाले. १८९५ च्या आरंभीं वाइल्डचीं दोन नाटकें लंडनांत एकाच वेळीं चाललीं असतां, त्याचा मित्र लॉर्ड आल्फ्रेड डग्लस याचा बाप क्वीन्सबरीचा मार्क्विस यानें त्याच्या क्लबांत एक अपमानकारक कार्ड ठेविलें. वाइल्डनें अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ती त्याच्यावरच उलटली आणि ५ एप्रिल रोजीं त्यास अटक झाली. पुरुषांपुरुषांतील शरीरसंबंध हा त्या काळच्या इंग्रजी कायद्यानें गुन्हा होता. २५ मे रोजीं त्यास दोन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. या कथेंत पत्नीच्या वांट्यास दोनच वाक्यें येतात : ती दिसावयास चांगली पण बुद्धीनें मंद होती, आणि संकटाच्या वेळीं तिनें नवऱ्याचा तनखा तोडला. हीं दोन वाक्यें कोणत्या कागदांवर उभीं आहेत, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

पहिल्या वाक्याचा उगम शोधूं लागलें असतां माणूस बहुतेक वेळां वाइल्डच्या मित्रमंडळींत जाऊन पोंचतो. फ्रँक हॅरिस याच्या १९१६ च्या चरित्रांत वाइल्डच्या तोंडीं पत्नीविषयीं जीं अनुदार भाषणें घातलीं आहेत, त्यांची पुढें पुष्कळ ठिकाणीं उद्धृतें झालीं. हॅरिस हा गोष्ट रंगवून सांगणारा लेखक. त्याचे लांबलचक संवाद पुष्कळ वर्षांनंतर, बोलणारा माणूस मेल्यावर, आठवणीनें लिहिलेले आहेत. एखाद्या बखरकारानें शंभर वर्षांपूर्वींच्या मसलतींतलें बोलणें शब्दशः दिलें तर आपण त्यास इतिहास म्हणत नाहीं. मग इंग्रजी भाषेंत आणि कापडी बांधणींत आल्यानें तेंच लिखाण प्रमाण कसें ठरावें? आमच्याकडे आनंदीबाईच्या नांवावर 'ध' चा 'मा' ज्या सहजतेनें चढला, त्याच जातीचा हा प्रकार आहे.

कॉन्स्टन्सचा कैवार घेणाऱ्या अलीकडील ग्रंथकारांनीं हें बरेंच सुधारलें आहे. १९८३ मध्यें ॲन क्लार्क अॅमर व जॉइस बेंटली यांचीं स्वतंत्र चरित्रें निघालीं. २०११ मध्यें फ्रॅनी मॉइल यांचें निघालें, आणि तें या सर्वांत भरींव आहे. तथापि एक गोष्ट नमूद केल्यावांचून राहवत नाहीं. अॅमर यांच्या ग्रंथाचें नांव 'मिसेस ऑस्कर वाइल्ड : ए वुमन ऑफ सम इम्पॉर्टन्स', बेंटली यांच्या ग्रंथाचें 'दि इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग कॉन्स्टन्स', दोन्ही नांवें वाइल्डच्या नाटकांवरून उचललेलीं. मॉइल यांच्या मुखपृष्ठावर प्रथम 'कॉन्स्टन्स' असें तिचें स्वतःचें नांव आहे खरें, पण उपशीर्षकांत पुन्हा 'मिसेस ऑस्कर वाइल्ड' आहेच, आणि सोबत 'स्कँडलस' हें विशेषणही. धाकटा मुलगा व्हिव्हियन याच्या १९५४ च्या आत्मचरित्राचें नांवदेखील 'सन ऑफ ऑस्कर वाइल्ड'. पुस्तकविक्यांची अडचण आम्हांस कळते. परंतु बाईचें समर्थन करावयास निघालेल्या ग्रंथासही नवऱ्याच्या विनोदाचा दाखला घेऊन दारांत उभें राहावें लागावें, हें चमत्कारिक आहे.

आतां तिच्या बुद्धीचा प्रश्न. तो नियतकालिकांच्या फायली चाळूनच सुटतो. १८८८-८९ मध्यें 'रॅशनल ड्रेस सोसायटी'च्या गॅझेटचें संपादन कॉन्स्टन्सनें केलें. ही संस्था स्त्रियांच्या पोषाखांतील जाच कमी करावा म्हणून १८८१ मध्यें निघाली होती. आंतल्या कपड्यांचें एकूण वजन ७ पौंडांहून अधिक असूं नये, हा तिचा नियम. आज हें वाचून कोणास हसूं येईल, पण घट्ट काचोळी आणि एकावर एक चढविलेले परकर अंगावर वागविणाऱ्या स्त्रियांस ती हसण्याची गोष्ट नव्हती. वाइल्ड 'वुमन्स वर्ल्ड' मासिकाचा संपादक असतां १८८८ मध्यें त्यांत तिचा मुलांच्या पोषाखावरील लेख आला. त्याच वर्षीं 'देअर वॉज वन्स' हें मुलांसाठीं जुन्या गोष्टी पुन्हा सांगितलेलें तिचें पुस्तक निघालें. स्त्रियांच्या लिबरल पक्षीय संघटनेंत ती वावरत होती, आयर्लंडच्या स्वराज्याच्या पक्षाची होती, आणि १८८९ मध्यें लंडन कौंटी कौन्सिलच्या पहिल्या निवडणुकींत लेडी सँडहर्स्ट यांच्यासाठीं तिनें प्रचार केला. लेडी सँडहर्स्ट निवडून आल्या. मागाहून कोर्टानें स्त्री म्हणून त्यांस अपात्र ठरविलें. नोव्हेंबर १८८८ मध्यें कॉन्स्टन्सनें 'गोल्डन डॉन' या गूढविद्येच्या मंडळाची दीक्षा घेतली. तेथें प्रत्येक दीक्षितानें एक लॅटिन ब्रीद घ्यावयाचें असे. तिच्या ब्रीदाचा अर्थ, जो सोसतो तो जिंकतो. गूढविद्येविषयीं आमचें मत कांहींही असो, मंद बुद्धीची बाई म्हणून जिचें चित्र काढतात तिच्या चार-पांच वर्षांच्या खटाटोपाची ही यादी आहे.

'ऑस्करियाना' या छोट्या पुस्तकाविषयीं येथें लिहिणें अवश्य आहे, कारण तें संग्राहकांच्या विशेष आवडीचें. वाइल्डच्या ग्रंथांतून निवडलेल्या चटकदार वाक्यांचा हा संग्रह जानेवारी १८९५ मध्यें खासगी रीतीनें छापला गेला. निवड कॉन्स्टन्सची, छापविणारा हॅचर्ड्स या पुस्तकपेढीचा आर्थर हम्फ्रीज. ग्रंथसूचींत हें पुस्तक वाइल्डच्या नांवाखालीं येतें, आणि तसें येणें गैर नाहीं. पण संपादिकेचें नांव किती टिपणांतून गळालें आहे हें संग्राहकांनीं आपापल्या याद्या काढून पाहावें. पहिली निवड वाइल्डला पसंत पडली नाहीं व त्यानें तसें हम्फ्रीजला कडक शब्दांत लिहिलें, हें खरें आहे. तें पत्र पुढें करून तिच्या रसिकतेवर बोट ठेवणें सोपें असतें. आपल्या वाक्यांची दुसऱ्यानें केलेली निवड पाहून संतुष्ट झालेला लेखक मात्र आमच्या वाचनांत क्वचितच आला आहे.

याच हम्फ्रीजच्या नांवाशीं तिच्या कैवाऱ्यांस अडचणीचा असा एक कागद जोडलेला आहे, आणि तो लपविणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. ऑगस्ट १८९४ मध्यें तिनें त्यास लिहिलेलें पत्र प्रेमाचें आहे, उघड प्रेमाचें. हम्फ्रीज विवाहित होता. (हाच गृहस्थ पुढें ग्रेट ब्रिटन व आयर्लंड येथील काउंटी व शहरें यांविषयींच्या ग्रंथसूचींची मोठी सूची करून १९१७ मध्यें प्रसिद्ध करता झाला, म्हणून आमच्या वाचकांस तो अगदींच परका नाहीं.) हें पत्र उजेडांत आल्यावर कित्येकांस तिची मूर्ति भंगल्यासारखें वाटलें. आमचें मत उलट आहे. सोशीक सतीचें चित्र हेंही कागदांवांचून काढलेलेंच होतें. नवरा घराबाहेर हॉटेलांत राहूं लागल्यावर छत्तीस वर्षांच्या स्त्रीनें कोणाच्या तरी मायेचा आधार शोधावा, यांत समजण्यास कठीण असें काय आहे?

दुसरें वाक्य तनख्याचें. यासंबंधीं कायद्याचा मुद्दा नीट समजल्यावांचून निकाल देणें अन्यायाचें होईल. विवाहाच्या वेळीं झालेल्या करारान्वयें कॉन्स्टन्स आधीं वारली तर तिच्या मालमत्तेच्या उत्पन्नांत वाइल्डचा हयातीपुरता हक्क होता. नोव्हेंबर १८९५ मध्यें वाइल्डचें दिवाळें जाहीर झालें, तेव्हां हा हक्क सरकारी रिसीव्हराच्या ताब्यांत गेला व सावकारांसाठीं विक्रीस निघाला. तो आपण विकत घ्यावा, म्हणजे मुलांचें भवितव्य परक्याच्या हातीं जाणार नाहीं, अशी कॉन्स्टन्सची इच्छा. वाइल्डनें मार्च १८९६ मध्यें तुरुंगांतून रॉबर्ट रॉस यास स्पष्ट लिहिलें कीं, या बाबतींत माझ्या पत्नीस विरोध करूं नये. तरीही रॉस, मोर एडी आदि मित्रांनीं त्याच्या हिताच्या समजुतीनें तिच्याविरुद्ध बोली लाविली व त्या हक्काचा हिस्सा मिळविला. पुढें वाइल्डनेंच या कृत्याबद्दल मित्रांस खरमरीत दोष दिला. म्हणजे नवरा-बायकोंत पैशावरून जें वितुष्ट आलें त्याचें मूळ, खुद्द नवऱ्याच्या साक्षीनें, मित्रांच्या आगाऊपणांत आहे. आणि हेच मित्र पुढें वाइल्डच्या कीर्तीचे रखवालदार व त्याच्या कागदपत्रांचे व्यवस्थापक झाले. पत्नीविषयींची पुढल्या पिढीची समजूत कोणत्या दफ्तरांतून निघाली, याचा उलगडा यावरून व्हावा.

सुटकेच्या अगोदर मे १८९७ मध्यें विभक्ततेचा करार झाला. त्यान्वयें कॉन्स्टन्सनें वाइल्डला वर्षास १५० पौंड द्यावयाचे, आणि दुर्लौकिकाच्या माणसांच्या संगतींत तो राहिल्यास रक्कम बंद व्हावयाची, अशी अट. १९ मे रोजीं तो सुटला. मुलांची भेट मात्र महिन्यामागून महिने लांबत गेली. तिचा आजार आणि सल्लागारांची सावधगिरी हीं दोन्ही त्यास कारण झालीं. येथें तिनें थोडें धाडस करावयास हवें होतें, असें आम्हांसही वाटतें. भेट वेळेवर झाली असती तर वाइल्ड डग्लसकडे परतला नसता, अशी एक कल्पना आहे. ती सिद्धही होत नाहीं, खोटीही ठरत नाहीं. सप्टेंबरांत वाइल्ड नेपल्स येथें डग्लसबरोबर राहूं लागला. अट मोडली आणि नोव्हेंबरांत तनखा थांबला. डग्लसच्या आईनेंही याच सुमारास मुलाचे पैसे अडविले, पण तिला इतिहासांत कोणी निष्ठुर म्हणत नाहीं. शेवटीं कॉन्स्टन्सनें वाइल्डची व्यवस्था पुन्हा लाविली, आणि तिच्या मृत्यूनंतरही १९०० पर्यंत, म्हणजे त्याच्या अंतापर्यंत, ते १५० पौंड त्यास तिच्या मिळकतींतून मिळत राहिले. तनखा तोडल्याचें जो लिहितो त्यानें ही ओळही लिहिली पाहिजे.

तुरुंगांतील भेटींचा पुरावा तर इतका ठळक आहे कीं तो दृष्टीआड कसा झाला याचेंच नवल वाटतें. २१ सप्टेंबर १८९५ रोजीं तिनें वाँड्झवर्थच्या तुरुंगांत त्याची भेट घेतली व घटस्फोटाचा विचार सोडून दिला. फेब्रुवारी १८९६ मध्यें वाइल्डची आई वारली. ती बातमी त्यास परक्याच्या तोंडून कळूं नये म्हणून कॉन्स्टन्स आजारी असतां जिनोआहून रेडिंगपर्यंत आली. हें वाइल्डनें स्वतः 'डी प्रोफुंडिस'मध्यें लिहून ठेविलें आहे, आणि तो मजकूर रॉसनें काटछांट करून छापलेल्या १९०५ च्या पहिल्या आवृत्तींतही आहे. संपूर्ण हस्तलिखित रॉसनें १९०९ मध्यें ब्रिटिश म्यूझियमला पन्नास वर्षें न उघडण्याच्या अटीवर दिलें. त्या मोहरबंद पानांत डग्लसविषयीं काय असेल याची उत्सुकता साऱ्या जगास लागून राहिली. छापील पानावर पत्नीविषयीं काय आहे, तें कोणी फारसें वाचलें नाहीं.

रॉसच्या साक्षीचें आणखी एक उदाहरण देऊन हा भाग संपवितों. कॉन्स्टन्सच्या मृत्यूनंतर रॉसनें प्रकाशक स्मिदर्स यास कळविलें कीं, ऑस्करला त्याचें कांहींच वाटलें नाहीं. त्याच दिवसांत वाइल्डनें कार्लोस ब्लॅकर या जुन्या स्नेह्यास पाठविलेलें पत्र शोकानें भरलेलें आहे. दोन्ही कागद समकालीन, दोन्ही अस्सल, आणि एकमेकांस छेदणारे. वाइल्ड निरनिराळ्या माणसांपुढें निरनिराळे मुखवटे घालीत असे, म्हणून कोणताही एक निर्णायक मानतां येत नाहीं. पण चरित्रकार रॉसचें वाक्य घेतात, कारण तें तुटक आणि सोयीचें आहे.

तिच्या स्वतःच्या हातचे कागद कोठें आहेत, हें संग्राहकांस सांगितलें पाहिजे. लेडी माउंट-टेंपल या वृद्ध स्नेहिणीस तिनें लिहिलेल्या पत्रांचा मोठा गठ्ठा साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या ब्रॉडलँड्स दफ्तरांत आहे. मॉइल यांच्या ग्रंथाचें बळ त्यांत आहे. घरीं येणाऱ्या नामांकितांच्या सह्या व ओळी तिनें ज्या वहींत घेतल्या ती ब्रिटिश लायब्ररींत आहे. ही वही तेथें येणाऱ्या पाहुण्यांसाठीं उघडली जाते असें समजूं नये, ती उघडावयाची ती धनिणीची रोजनिशी म्हणून. ब्लॅकरशीं झालेला पत्रव्यवहार मॅग्वायर यांच्या २०१३ च्या ग्रंथांत वापरलेला आहे. भाऊ ओथो यास लिहिलेलीं पत्रें कुटुंबाच्या संग्रहांत राहिलीं, आणि त्यांच्याच आधारें २०१५ मध्यें तिचा नातू मर्लिन हॉलंड व डॉक्टर अॅशली रॉबिन्स यांनीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकांत तिच्या आजाराचा उलगडा केला. पाठीचीं दुखणीं, पायांचें लंगडणें, हाताचा कंप हीं सारीं जिन्यावरून पडल्यामुळें उद्भवलीं असें तोंवर सांगत. या दोघांच्या मतें तो मज्जातंतूंचा विकार, मल्टिपल स्क्लेरोसिस, असावा. जिनोआचा शस्त्रवैद्य बॉस्सी यानें त्यावर स्त्रीरोगाची शस्त्रक्रिया दोनदां केली. दुसरी २ एप्रिल १८९८ रोजीं, आणि ७ एप्रिलला ती वारली. वय चाळीस. घरगुती पत्रांतील बारीकसारीक तक्रारी एका निदानास कशा पुरतात, याचा हा नमुना आहे. अशा पत्रांवर बडें नांव नसतें, म्हणून बाजारांत त्यांस भाव येत नाहीं. आणि भाव येत नाहीं म्हणून गठ्ठे फुटून एकेक पत्र नाहींसें होतें. ज्यांच्या संग्रहीं अशी पत्रें असतील त्यांनीं तीं क्रमानें व एकत्र ठेवावीं, एवढी आमची विनंती.

आतां राहिला शिलालेख. खटल्यानंतर स्वित्झर्लंडमधील एका हॉटेलांतून वाइल्ड या नांवामुळें बाहेर पडावें लागलें, तेव्हां तिनें मुलांसह हॉलंड हें घराण्यांतील जुनें नांव घेतलें. जिनोआच्या स्टाग्लिएनो दफनभूमींत प्रॉटेस्टंटांच्या भागांत तिची कबर आहे. तिच्या दगडावर ना वाइल्ड होतें ना हॉलंड. कॉन्स्टन्स मेरी, होरेस लॉइडची कन्या, एवढेंच. वाइल्ड फेब्रुवारी १८९९ मध्यें तेथें गेला, आणि आपलें नांव त्यावर नाहीं हें त्यानें रॉसला लिहिलें. 'ऑस्कर वाइल्डची पत्नी' ही ओळ १९६३ मध्यें मागाहून कोरलेली आहे. कांहीं पुस्तकांत हा लेख एकसंध दिलेला आढळतो, तसा देऊं नये. नक्कल घेणारानें पहिला मजकूर फेब्रुवारी १८९९ पूर्वींचा व शेवटची ओळ १९६३ ची, असें बाजूस नोंदवावें.